तिरप्या उन्हाचा प्रदेश : फिनलंडमधील वास्तू पाहताना

रविवार, हेलसिंकी

सप्टेंबरच्या मध्यावर हेलसिंकीत भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवर असतो. त्याच दिवशी पुण्यात तो ७४ अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. आकडे म्हणून ही गोष्ट मला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होती. पण विमानतळावरून रेल्वेने शहरात येऊन स्थानकासमोरच्या चौकात उभा राहिलो, तेव्हा तिचा खरा अर्थ लक्षात आला. दुपारचा एक वाजून गेला होता आणि माझी सावली माझ्या उंचीच्या दीडपट लांब पडली होती. लोकांचे चेहरे एका बाजूने उजळलेले आणि दुसऱ्या बाजूने निळसर दिसत होते; रस्त्याच्या एका हाताच्या इमारती सोनेरी, तर दुसऱ्या हाताच्या पूर्ण सावलीत होत्या. आपल्याकडे असे ऊन सकाळी साडेआठच्या सुमारास किंवा दुपारी साडेचारला पडते आणि पाहता पाहता पालटते. येथे भर दुपारीही ते त्याहून वर चढत नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य ५३ अंशांपर्यंत पोहोचतो आणि डिसेंबरात जेमतेम ६ अंशांवर येऊन परततो, म्हणजे वर्षातून एकदाही या शहराच्या माथ्यावर ऊन येत नाही.

कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात घरे बांधण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तेथे वास्तुविशारदाचे पहिले काम सावली करण्याचे असते; छज्जा किती पुढे काढायचा, पडवी कोणत्या बाजूला घ्यायची, पश्चिमेची भिंत कशी झाकायची, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की अर्धे घर आपोआप उभे राहते. प्रकाश जपून वापरण्याची चीज असेल तेव्हा वास्तूची रचना कोठून सुरू होते, हे मला पाहायचे होते. हेलसिंकीलगतच्या ओतानिएमीतील आल्तो विद्यापीठात वास्तुकलेचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी माझी भाची तेथे असल्याने प्रवासाचा आराखडा तिनेच केला, आणि तो करताना माझ्या यादीतील निम्मी ठिकाणे निर्दयपणे कापली.

पहिली वास्तू तेम्पेलिआउकिओ चर्चची. तिमो आणि तुओमो सुओमालाइनेन या भावांनी १९६१ची स्पर्धा जिंकली आणि १९६९मध्ये चर्च खुले झाले. वस्तीच्या मधोमध ग्रॅनाइटचा एक उंचवटा होता. तो तसाच ठेवून त्याच्या पोटात सभागृह कोरले आणि वर तांब्याचा घुमट ठेवला. कातळात खोदलेली वास्तू महाराष्ट्रातल्या माणसाला नवी नाही. अजिंठ्याच्या चैत्यगृहात दारावरच्या मोठ्या गवाक्षातून प्रकाश आत शिरतो आणि स्तूपापर्यंत जाताना मंद होत जातो. तेथे प्रकाशाचा मार्ग एकच, समोरचा. या चर्चमध्ये मात्र घुमट आणि कातळ यांच्यामध्ये चहूबाजूंनी काचेचा पट्टा आहे. घुमट गोल आणि खडकाची कड वेडीवाकडी, त्यामुळे दोहोंना जोडणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या कोठे आखूड आहेत, तर कोठे लांब. त्यांच्या १८० फटींमधून उतरणारे तिरपे ऊन खडकाच्या खडबडीत भिंतीवर पडते आणि सूर्याबरोबर सरकत जाते. भिंती अशा ओबडधोबड ठेवण्यामागे ध्वनीचे कारण होते. उन्हालाही त्यांचा तितकाच उपयोग झाला आहे. गुळगुळीत भिंतीवर हे ऊन नुसते चकाकले असते. येथे खडकाचा प्रत्येक उंचसखलपणा वेगळा उजळतो आणि स्वतःची छोटी सावली टाकतो. हा खडक सुमारे १८० ते १९० कोटी वर्षांचा आहे. त्याच्यासमोर सह्याद्रीचा साडेसहा कोटी वर्षांचा बेसाल्ट अगदीच तरुण म्हणावा लागेल.

संध्याकाळी त्योलो खाडीच्या काठाने फिन्लंदिया सभागृहापर्यंत चालत गेलो. फिनलंडचे ख्यातनाम वास्तुविशारद आल्वार आल्तो यांची ही १९७१ची इमारत बाहेरून पांढऱ्या संगमरवराने मढवलेली आहे. भूमध्य समुद्राकडचा शुभ्रपणा उत्तरेत आणावा, या ओढीने त्यांनी इटलीतील कारारा येथील दगड निवडला, आणि उत्तरेच्या हवेने तो मानला नाही. पातळ फरश्या काही वर्षांत बशीसारख्या वाकल्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्या बदलून पुन्हा कारारा संगमरवरच बसवला, तोही वाकला. अलीकडच्या नूतनीकरणात उत्तर इटलीतील लासा येथील दगड आला. ज्या वास्तुविशारदाने आपल्या भूमीचा प्रकाश इतका नेमका ओळखला, त्याचा हात दगड निवडताना मात्र परक्या प्रकाशाकडे गेला, ही मला त्यांच्या कामातली सर्वांत मानवी गोष्ट वाटते.

सोमवार, हेलसिंकी आणि ओतानिएमी

सकाळपासून आभाळ गच्च. भाची म्हणाली, “मामा, आज नशीब चांगलं आहे. पुस्तकांचं दुकान ढगाळ दिवशीच बघायचं.” तिचे म्हणणे खरे होते. पूर्ण ढगाळ आकाशात माथ्याजवळचा भाग क्षितिजाजवळच्या भागाच्या सुमारे तिप्पट उजळ असतो. म्हणून तितक्याच आकाराची काच भिंतीत बसवण्याऐवजी छतात बसवली, तर खोलीला कितीतरी जास्त उजेड मिळतो. महिनोन्महिने ढगाळ असणाऱ्या या देशात छतातून प्रकाश घेण्याचे कारण इतके साधे आहे.

एस्प्लानादी या हमरस्त्यालगतचे अकादेमिनेन हे पुस्तकांचे दुकान आल्तो यांनी १९६९मध्ये पूर्ण केले. मध्यभागी सर्व मजल्यांमधून वर जाणारा चौक, भोवती पांढऱ्या संगमरवराचे सज्जे आणि छतात काचेचे प्रचंड स्फटिक. हे स्फटिक छतापाशी संपत नाहीत. त्यांची कोनाकोनाची काच खाली चौकाच्या पोकळीत लोंबते. काच सपाट असती, तर तिने फक्त वरचा उजेड खाली सोडला असता. ती अशी खाली उतरल्यामुळे प्रकाश तिच्या पृष्ठभागांवर विभागला जाऊन बाजूच्या सज्ज्यांपर्यंत पसरतो, आणि छतातला उजेडाचा उगम डोळ्यांना दिसूही लागतो. कोकणातल्या जुन्या घरात माजघराच्या कौलांमध्ये एखादेच काचेचे कौल बसवलेले असते आणि त्याखालचा उन्हाचा तुकडा दिवसभर जमिनीवरून सरकतो. त्याचे काम तेच, स्वभाव उलटा: आपल्याला तेवढाच एक तुकडा पुरतो, कारण बाकीचे ऊन बाहेर ठेवण्यासाठीच ते छप्पर असते.

जवळच त्यांची १९५५ची रौतातालो ही कार्यालयांची इमारत आहे. तिच्या अंतर्गत चौकाच्या छतात गोल झरोके आहेत आणि त्यांच्यावर, म्हणजे बाहेरच्या बाजूला, दिवे लावण्याची योजना होती. हिवाळ्यात साडेतीनलाच अंधारले, तरी उजेड त्याच झरोक्यांतून, त्याच दिशेने येत राहावा, हा त्यामागचा विचार. दिव्यांच्या उष्णतेने काचेवरचा बर्फ वितळावा, हा व्यवहार. दिवसाचा प्रकाश आणि दिव्याचा प्रकाश एकाच छेदचित्रात (इमारत उभी कापून दाखवणाऱ्या आराखड्यात) एकत्र सोडवलेला मी प्रथमच पाहिला. आपल्याकडे वास्तुविशारद खिडक्या काढतो आणि दिवे कोठे लावायचे, ते विजेचा कंत्राटदार ठरवतो.

दुपारी ओतानिएमीला गेलो. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचे सभागृह, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारा विटांचा आणि काचांचा तो उतार, छायाचित्रांतून सर्वांना परिचित आहे. आत गेल्यावर कळते की त्या पायऱ्यांमधल्या खिडक्या बसलेल्या माणसाला दिसतच नाहीत. छतातल्या वक्र पडद्यांवर प्रकाश आधी पडतो, तेथून उलटतो आणि मग बाकांवर येतो. ‘एकदा वळवलेला प्रकाश’ असे मी वहीत लिहिले. पुढे जेथे जेथे गेलो, तेथे ते शब्द पुन्हा उपयोगी पडले.

आवारातच पाइन वृक्षांमध्ये काइया आणि हेइक्की सिरेन या दांपत्याने १९५७मध्ये बांधलेले छोटे प्रार्थनामंदिर आहे. १९७६मध्ये ते जळाले आणि पुन्हा तसेच उभारले गेले. वेदीच्या मागे भिंतच नाही. पूर्ण काच आहे आणि क्रूस काचेपलीकडे झाडांमध्ये रोवलेला आहे. ऋतू बदलला की वेदीची पार्श्वभूमी बदलते. कल्पना इतकी सोपी आहे की तिची नक्कल जगभर झाली आहे, आणि बहुतेक नकला फसल्या आहेत. बाजूच्या विटांच्या भिंती बंद व काळोख्या ठेवल्या नाहीत, तर समोरची काच एक मोठी खिडकी होऊन बसते, हे नक्कल करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

मंगळवार, मुंक्किनिएमी आणि म्यूर्मॅकी

आल्तो दांपत्याचे स्वतःचे घर १९३६चे आहे. रस्त्याकडून ते जवळजवळ मुके, चुना मारलेल्या विटांचे. बागेकडे, म्हणजे दक्षिणेकडे, मोठ्या खिडक्यांनी उघडलेले. आइनो आल्तो यांची नजर या घरात जागोजागी जाणवते, विशेषतः खिडकीच्या कठड्यावर रोपांसाठी केलेल्या सोयीत. येथे हिवाळा खिडकीशी बसून काढायचा असतो, त्यामुळे खिडकी हे वापरण्याचे ठिकाण आहे. तिला रुंदी, खोली, उब आणि बैठक आहे. जवळच १९५५चे त्यांचे कार्यालय आहे, तेही रस्त्याला पाठ करून उतरत्या बागेभोवती वळलेले.

दुपारी लोकलने उत्तरेला म्यूर्मॅकीला गेलो. युहा लेइविस्कॅ यांचे १९८४चे चर्च रेल्वेमार्ग आणि बर्चची बाग यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत बसवलेले आहे. ही जागा कोणीही नाकारली असती. लेइविस्कॅ यांनी तिचा निमुळतेपणाच हाताशी धरला: रेल्वेच्या अंगाला लांब, जवळजवळ सलग भिंत, आणि बागेकडे एकामागे एक, कमीअधिक पुढे सरकलेल्या उंच अरुंद भिंतींचे पदर. दोन पदरांमध्ये फट, फटीत काच. काच मात्र आत बसलेल्या माणसाला दिसत नाही, दिसते ती फक्त उजळलेली पांढरी कड. बाहेर बर्चचे पांढरे उभे बुंधे आणि आत पांढऱ्या उभ्या भिंती, यांचे नाते कोणी सांगावे लागत नाही. छतापासून निरनिराळ्या उंचीवर सोडलेले दिवे हवेत थांबलेल्या पावसासारखे दिसतात. आम्ही तासभर बसलो. ढग सरकत होते आणि त्याबरोबर भिंतींचे पदर एकेक करून पुढे येत, मागे जात होते. रंग म्हणावा तर पांढराच, पण त्या तासात मी निळा, करडा, पिवळट आणि दुधी असे किमान चार पांढरे पाहिले. या संपूर्ण प्रवासात एकच वास्तू पुन्हा पाहण्याची मुभा मिळाली, तर मी आल्तो यांना सोडून येथे येईन.

बुधवार, पाइमियो

तुर्कूच्या अलीकडे पाइनच्या जंगलात पाइमियोचे क्षयरुग्णालय आहे. १९२९च्या स्पर्धेत आल्तो यांचा आराखडा निवडला गेला आणि १९३३मध्ये इमारत पूर्ण झाली. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि ऊन हाच उपचार होता. आपल्याकडेही त्याच समजुतीने पाचगणीला आणि मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरुग्णालये निघाली; आपल्या डॉक्टरांनी रुग्णांसाठी डोंगरावरची किंवा माळावरची कोरडी हवा शोधली. फिनलंडमध्ये हवा सर्वत्र चांगली होती, ऊन तेवढे दुर्मीळ होते. म्हणून येथे इमारतीच्या प्रत्येक भागाने सूर्याशी स्वतंत्र नाते जोडले आहे. रुग्णांच्या खोल्यांचा उंच, अरुंद पट्टा आग्नेय-दक्षिणेकडे तोंड करून आहे, कारण त्यांना सकाळचे ऊन हवे. उन्हात झोपण्याच्या सज्ज्यांचा भाग त्याच्या टोकाला थोडा वळून थेट दक्षिणेकडे पाहतो. स्वयंपाकघर आणि इतर कामाच्या जागा मागच्या अंगाला आहेत. प्रत्येक पंखाचा कोन वेगळा आणि प्रत्येक कोनामागे एक तास दडलेला. नकाशा वरून पाहिला, तर तो स्वैर वाटतो. सूर्याचा मार्ग त्यावर काढला की तो पूर्ण शिस्तबद्ध ठरतो.

रुग्णाच्या खोलीत मार्गदर्शकाने आम्हाला पलंगाच्या उंचीवर डोके आणून वर पाहायला सांगितले. उभ्या माणसासाठी खोली काढणे ही नेहमीची रीत. ही खोली आडव्या माणसासाठी काढलेली आहे. महिनोन्महिने छताकडे पाहत पडून राहणाऱ्या माणसाला पांढरे छत टोचेल, म्हणून ते शांत, गडद हिरवट रंगाचे. दिवा नजरेच्या कक्षेबाहेर. छतातून येणारी उष्णता डोक्याऐवजी पायांकडे. खोलीत दोन रुग्ण असल्याने एकाने हात धुतले, तरी दुसऱ्याची झोप मोडू नये, म्हणून पाणी आवाज न करता उतरेल अशा कोनाची कुंडी. दुहेरी खिडकीतून बाहेरची हवा थेट अंगावर न येता दोन काचांमधून तिरपी फिरून, थोडी ऊबदार होऊन आत येते. म्हणजे प्रकाशाप्रमाणे वाऱ्यालाही येथे एकदा वळवूनच माणसापर्यंत सोडले आहे. दारांच्या मुठी अशा वळवलेल्या आहेत की डॉक्टरांच्या अंगरख्याची बाही त्यांत अडकत नाही.

जिन्यावर आणि दर्शनी भागात जमीन झगझगीत पिवळी आहे. छायाचित्रांत मला हा रंग भडक वाटला होता. प्रत्यक्षात बाहेर पावसाची भुरभुर, आकाश शिशासारखे आणि दुपारचे दोन वाजलेले असताना त्या जिन्यावर पाय ठेवला, तेव्हा पायाखालून उजेड येत असल्यासारखे वाटले. जेथे ऊन आठवडेच्या आठवडे पडत नाही, तेथे त्याची उणीव जमिनीने भरून काढायची, हा निर्णय रंगसजावटकार एइनो काउरिआ यांच्या सोबतीने घेतलेला आहे. पुढे प्रतिजैविके आली, क्षयरुग्ण उरले नाहीत आणि इमारतीचा उपयोगही बदलला; एकेकाळी उघडे असलेले सज्जे नंतर काचबंद झाले. ते आवश्यक असेल, पण त्यामुळे दर्शनी भागातल्या आडव्या सावल्यांची धार गेली आहे. गच्चीवरून पाइनचे शेंडे एकाच पातळीत क्षितिजापर्यंत पसरलेले दिसतात. इमारत त्या शेंड्यांच्या वर डोके काढण्याइतकी उंच का केली, हे तेथे उभे राहिल्यावरच पटते: झाडांच्या सावलीतून सुटल्याशिवाय तिरपे ऊन मिळणारच नव्हते.

गुरुवार, सॅयनॅत्सालो

हेलसिंकीहून तांपेरेमार्गे युवॅस्कूलॅपर्यंतचा रेल्वेप्रवास तळ्यांचा आणि जंगलांचा आहे. या देशात लहानमोठी १,८८,००० तळी मोजली गेली आहेत. आज आकाश निरभ्र होते. सूर्य खाली असला की पाण्यावरून उलटणारे ऊन वर येते. तळ्याकाठच्या घरांच्या छज्ज्यांचे खालचे अंग त्यामुळे उजळलेले दिसत होते, आणि हिवाळ्यात जमिनीवरचा बर्फही हेच काम करतो. खालून येणारा प्रकाश आपल्याकडच्या छेदचित्रात कोणीही धरत नाही. उत्तरेतल्या घराचे छत पांढरे किंवा फिकट लाकडाचे का असते, याचे एक उत्तर रेल्वेच्या खिडकीतूनच मिळाले.

सॅयनॅत्सालो हे पॅइयॅन्ने सरोवरातले बेट. (हेलसिंकीत नळाला येणारे पाणी याच सरोवराचे; १९८२मध्ये पूर्ण झालेल्या १२० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून ते शहराकडे जाते.) लाकूड कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या सुमारे ३,००० वस्तीच्या या गावाने १९४९मध्ये नगरसभागृहासाठी स्पर्धा घेतली. १९५२मध्ये उभी राहिलेली आल्तो यांची ही इमारत मला चित्रांतून मोठी वाटत आली होती. प्रत्यक्षात ती आपल्याकडच्या तालुक्याच्या गावच्या एखाद्या वाड्याएवढी आहे. पाया खणताना निघालेली माती मध्ये भरून चौक एक मजला उचलला आहे. त्यामुळे बाहेरून इमारत दुमजली आणि चौकातून एकमजली दिसते. चौकाभोवतीचे छप्पर ठेंगणे ठेवण्यामागचा लाभ सावलीचे गणित केल्यावर कळतो. सूर्य तीस अंशांवर असेल, तर दोन मजल्यांची सावली साधारण बारा मीटर लांब पडेल आणि लहानसा चौक दिवसभर काळोखात राहील. एकाच मजल्याची सावली पाच-सहा मीटरवर थांबते आणि उरलेल्या गवतावर ऊन पडते. जमीन उचलून त्यांनी चौकासाठी सूर्यच वर आणला, असे म्हणायला हरकत नाही.

पश्चिमेकडच्या, मातीच्या व लाकडी फळ्यांच्या गवताळ पायऱ्या आम्ही चढलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. विटांच्या भिंतीवर ऊन अगदी घासून जात होते, आणि गवंड्यांना विटा मुद्दाम किंचित मागेपुढे लावायला का सांगितले होते, ते दिसले. प्रत्येक वीट आपापली सावली टाकत होती. पन्नास अंशांवरच्या उन्हात हा फरक पुसला गेला असता. मी माझ्या गवंड्यांना जन्मभर ओळंबा लावून सरळ रेषेसाठी टोकत आलो, आणि आपल्या उन्हात ते योग्यच आहे. येथे तीच सरळ रेषा मुकी ठरली असती.

आत सभेच्या दालनाकडे जाणारा जिना विटांच्या भिंतीला धरून वळत वर चढतो. त्याला खिडकी नाही, फक्त छतालगत काचेची एक पट्टी. तो उजेड डोक्यावरून पुढे जातो आणि आपण अर्धवट काळोखात त्याच्यामागे चालत राहतो. दालन त्याहूनही काळोखे, १७ मीटर उंच, विटांचे. छताला फुलपाखराच्या पंखांसारख्या पसरलेल्या दोन लाकडी कैच्या आणि एका बाजूला लाकडी पट्ट्यांआड खिडकी. इतक्या लहान गावाला इतके उंच आणि खर्चिक दालन कशाला, असा प्रश्न निघाला तेव्हा इटलीतल्या सिएना नगरीचे दालन १६ मीटरचे आहे, आपण १७चे करू, असे आल्तो म्हणाल्याची आख्यायिका सांगितली जाते. खरी असो वा नसो, उंचीचे कारण मला त्या काळोखात मिळाले. इतर सर्व ठिकाणी प्रकाश गोळा करणारा हा वास्तुविशारद येथे तो रोखून धरतो. निर्णय घेणाऱ्यांनी टेबलावरच्या कागदांपुरता उजेड घ्यावा आणि वर काळोख असू द्यावा, अशी ही व्यवस्था आहे. प्रकाशाची किंमत ज्याला ठाऊक, त्यालाच काळोखाचा असा वापर जमतो. इमारतीच्या कामावर देखरेख करणाऱ्या तरुण वास्तुविशारद एलिस्सा मॅकिनिएमी पुढे आल्तो यांच्या दुसऱ्या पत्नी झाल्या.

शुक्रवार, मूरात्सालो

शेजारच्या मूरात्सालो बेटावर या दोघांनी १९५२ ते ५४ या काळात स्वतःसाठी उन्हाळी घर बांधले आणि त्याला प्रायोगिक घर म्हटले. तेव्हा तेथे होडीनेच जावे लागे. आता रस्ता आहे. जंगलातून चालत गेल्यावर शेवाळलेल्या ग्रॅनाइटवर पांढऱ्या, उंच, परक्याशा भिंती दिसतात. आत शिरताच सगळे तांबडे होते: चौकाच्या भिंती सुमारे ५० चौकटींत विभागल्या आहेत आणि प्रत्येक चौकटीत विटा किंवा फरशा वेगळ्या तऱ्हेने रचल्या आहेत. कोणती वीट थंडीला टिकते, कोणत्या सांध्यात पाणी मुरते, कोणती रचना कशी दिसते, याची ही उघडी प्रयोगवही होती. चौक दक्षिणेला आणि पश्चिमेला उघडतो, मध्यभागी शेकोटीचा खड्डा आहे. बाहेर स्वेटर घालून थरथरत असलेला मी चौकात पाच मिनिटांत स्वेटर काढून बसलो. भिंतींनी वारा अडवला होता, विटांनी सकाळपासूनचे ऊन साठवले होते. भाची हसून म्हणाली, “मामा, तू उन्हात बसलेला मी पहिल्यांदाच बघतेय.”

चौक म्हटला की आपण वाड्याचा चौक आठवतो. तो हवा खेळवण्यासाठी आणि सावलीसाठी असतो. हा चौक बरोबर उलट कामाचा आहे. आकृती तीच ठेवून हवामान बदलले, तर तिचा अर्थ पूर्ण फिरतो, हे मला कोणत्याही व्याख्यानात इतके स्पष्ट कळले नव्हते. काठावरच्या धुराच्या साउनाची, म्हणजे उष्णस्नानाच्या लाकडी खोलीची, रचनाही पाहण्यासारखी आहे. झाडाचा ओंडका बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे निमुळता असतो. सर्व ओंडक्यांची जाड टोके एकाच बाजूला ठेवून भिंती रचल्या, की छपराला लागणारा उतार आपोआप तयार होतो. रात्री तांपेरेहून रोव्हानिएमीची गाडी धरली.

शनिवार, रोव्हानिएमी

उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेल्या या गावात दुपारचा सूर्य आज २५ अंशांच्या आसपास थांबला. डिसेंबरात येथे दिवस दोन-सव्वादोन तासांचा असतो. बर्चची पाने पिवळी आणि जमिनीलगतची झुडपे लाल झाली होती. १९४४च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गावाचा सुमारे नव्वद टक्के भाग नष्ट केला आणि पुनर्रचनेचा आराखडा आल्तो यांनी रेनडिअरच्या शिंगांच्या आकारात बसवला. नकाशावर तो आकार दिसतो, रस्त्यावर चालताना त्याचा काहीही पत्ता लागत नाही. असे आराखडे मला कधीच पटलेले नाहीत.

त्यांचे १९६५चे ग्रंथालय मात्र अस्सल आहे. वाचनाचे मुख्य दालन पंख्यासारखे पसरलेले, वर उंचावर खिडक्या, आणि जमिनीत काही पायऱ्या खाली उतरलेले वाचनाचे खड्डे, त्यांच्या भोवती पुस्तकांची कपाटे. वरून आलेला प्रकाश पांढऱ्या छताच्या वळणावर आपटून पुस्तकांच्या पाठींवर आणि नंतर पानांवर उतरतो. पानावर स्वतःची सावली पडत नाही. या विचाराचे मूळ त्यांच्याच व्हीपुरीच्या, आता रशियात असलेल्या, १९३५च्या ग्रंथालयात आहे. तेथे छतात १.८ मीटर व्यासाचे ५७ शंकूसारखे झरोके आहेत आणि त्यांची खोली अशी ठरवली आहे की ५२ अंशांपर्यंतच्या सूर्याचा एकही किरण थेट खाली पोहोचू नये. तेथे सूर्य त्याहून फारसा वर जातच नाही. एका आकड्यातून एक छत निघाले.

ओउनासयोकी नदीकाठचे आर्क्तिकुम हे संग्रहालय, १९९२चे, १७२ मीटर लांबीच्या आणि उत्तरेकडे रोखलेल्या काचेच्या बोगद्यासाठी प्रसिद्ध आहे. इमारतीचा बराचसा भाग जमिनीखाली आहे. बोगद्याच्या उत्तर टोकाशी उभे राहिले, की पाठीमागच्या सूर्याने समोरून उजळलेली झाडे आणि नदी दिसते, आणि ते दृश्य सुंदर आहे. पण सहा दिवस वळवलेला प्रकाश पाहिल्यावर ही सगळीकडून काच मला प्रश्न न सोडवता पुढे गेल्यासारखी वाटली. भाचीला ती आवडते. आमचा वाद ग्रंथालयात परत येईपर्यंत चालला.

खड्ड्यातल्या एका टेबलावर मी रत्नागिरीच्या एका नियोजित वाचनालयाचे छेदचित्र पुन्हा काढायला घेतले. व्हीपुरीचा शंकू तेथे नेता येणार नाही, कारण १७ अक्षांशावर डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४९ अंशांपर्यंत चढतो आणि बाकी जवळजवळ सर्व महिने तो ५२च्या वर असतो. शंकूतून ऊन सरळ वाचकाच्या डोक्यावर पडेल. झरोका आडवा न ठेवता उभा करून उत्तरेकडे वळवावा लागेल. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य तेथे उत्तरेला असतो, पण इतका उंच की वर हातभर छज्जा पुरेल. सकाळ-संध्याकाळच्या उन्हासाठी बाजूला उभ्या फळ्या लागतील. आत समोर वळलेली पांढरी भिंत. भाचीने कागद फिरवून घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, “आणि पाऊस?” मग आम्ही छज्जा हातभरावरून दोन हात केला आणि काचेखालचा उंबरा चढवायला घेतला.